वामकुक्षी आणि सव्वापाचचा अंधार

घरचे येणार म्हटल्यावर मी आठवड्याचा एक्सेल बनवला होता. हसू नका, अंदमानात बेटावर राहिलं की अशी सवय लागते, कारण इथे सगळं फेरीबोटीवर चालतं आणि फेरी चुकली की दिवस गेला. आई, बाबा, दादा, वहिनी आणि आठ वर्षांचा भाचा, सात दिवस, जानेवारीचा दुसरा आठवडा. पोहणं, स्नॉर्केलिंग, जंगलातून चालत एलिफंट बीच, सगळं रंगीत चौकोनांत बसवलेलं. एकच गोष्ट धरली नव्हती, बाबांची वामकुक्षी.

बाबा चाळीस वर्षं दुपारी एकला जेवतात, दोनला आडवे होतात आणि चारला उठून चहा घेतात, मग 'चला, आता फिरायला जाऊ'. पुण्यात हे बरोबर आहे, पण अंदमान पुण्याच्या जवळजवळ १९ अंश पूर्वेला, आणि एका अंशाला ४ मिनिटं म्हणजे सूर्याच्या हिशोबाने सव्वा तासाचा फरक, घड्याळ मात्र दोन्हीकडे तेच. जानेवारीत इथे पावणेसहाला सूर्य वर येतो आणि सव्वापाचच्या आत बुडतोसुद्धा. तर पहिल्या दिवशी बाबा चारला उठले, साडेचारला चहा झाला, मग आईची वेणी, मग भाच्याची एक चप्पल सापडेना, आणि आम्ही चिडियाटापूला पोचलो तेव्हा लोक सूर्यास्त बघून परत निघाले होते, गाड्यांचे दिवे लागलेले. बाबा बराच वेळ घड्याळाकडे बघत होते. म्हणाले, 'साडेपाचच तर वाजलेत गं.' जसं काही मीच दिवा मालवला.

सेल्युलर जेल मात्र त्यांनी कुणाच्या घड्याळाने बघितलं नाही. सात रांगांपैकी तीनच उरल्यात, तिथे वरच्या मजल्यावर सावरकरांची कोठडी. १९११ ला आणलं त्यांना इथे, १९२१ ला हलवलं. आम्ही सगळे फोटो काढत असताना बाबा आत जाऊन पावलं मोजत होते. साडेतेरा बाय साडेसात फूट. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, 'आपली किचन ह्याच्यापेक्षा मोठी आहे.' त्या दिवशी ते दुपारी झोपलेच नाहीत.

नावांचा घोळ वेगळाच. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. पण तोंडात अजून जुनीच नावं. जेट्टीवर तिकीट हातात आल्यावर वहिनी घाबरली, 'अगं हे स्वराज द्वीपचं आहे, आपल्याला हॅवलॉकला जायचंय ना?' मागच्या काकूंनीही मग आपलं तिकीट काढून परत वाचलं. वहिनीने उलटीची गोळी फेरी हलायला लागल्यावर घेतली (अर्धा तास आधी घ्यायची असते हे मी तीनदा सांगितलं होतं, तरी) आणि पुढचे दोन तास काय झालं ते लिहीत नाही.

एलिफंट बीचला दादा आणि मी चालत गेलो, बाकीचे बोटीने. भाच्याने मास्क लावून पाण्यात डोकं घातलं आणि नळीतूनच ओरडायला लागला, काय बोलतोय काही कळेना, आम्हाला वाटलं पाणी गेलं नाकात. वर येऊन म्हणाला, 'आत्या, मासा माझ्याकडे बघत होता.' मग आईलाही पाण्यात जायचं होतं. ६४ वर्षांची आई, पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट, हातात रबरी रिंग, आणि रिंग धरून ओढणारा मुलगा तिला 'अम्मा डरना मत' म्हणतोय तर ही त्यालाच विचारतेय, 'तू जेवलास का?'

बाराटांग बेटावर मी पाहुण्यांना नेत नाही. दादाला जायचं होतं, चुनखडीच्या गुहा खरंच छान आहेत म्हणतात सगळे. पण रस्ता जारवा आदिवासींच्या जंगलातून जातो, गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, नियम सगळे बरोबर आहेत, तरी गाडीतली प्रत्येक मान खिडकीकडे वळलेली असते, कोणी दिसतंय का. मला नाही बरं वाटत. दादा जरा फुगला, संध्याकाळी भजी केली तेव्हा खाली आला.

आणि मग नीलचा दिवस. तिथला तो दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघायचा, भरतीत तिथवर जाताच येत नाही नीट. ओहोटी दीडच्या सुमारास होती, मी तक्ता बघून ठेवलेला. बाबांनी तक्ता बाजूला सारला. त्यांचं बालपण कोकणातलं. 'आज तिथी काय? द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. नऊला पूर्ण भरती, म्हणजे तीनला ओहोटी. जेवू, पडू जरा, मग जाऊ.' तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशोब त्यांना त्यांच्या आजोबांनी शिकवलेला, आणि कोकणच्या किनाऱ्यावर तो खरंच जमतो, मी लहानपणी पाहिलंय. पण इथला समुद्र दुसरा, इथे भरती त्या हिशोबाच्या दीड-दोन तास आधीच येऊन गेलेली असते. मी समजावलं, दादाने समजावलं, आई म्हणाली जाऊ दे, त्यांना झोपू दे.

आम्ही पुढे गेलो. उघड्या पडलेल्या खडकांच्या खळग्यांत पाणी साठलेलं, त्यात निळे इवलेसे मासे, एक काळी समुद्रकाकडी अगदी विसरून राहिलेल्या मोज्यासारखी पडलेली. बाबा साडेतीनला रिक्षाने आले तेव्हा पाणी चढत होतं, अर्धे खळगे बुडालेले. चपला हातात घेऊन ते घोटाभर पाण्यात उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आजोबांचं गणित चुकलं नाही हां. किनारा चुकला.' मी म्हटलं, हो बाबा.

त्यानंतरचे दोन दिवस ते पहाटे पाचला उठून अंगणात खुर्ची टाकून बसले. दुपारी डुलकी फक्त बसल्या बसल्या. हॅवलॉकच्या राधानगर बीचवर सव्वाचारलाच पोचलो, सूर्य अजून चांगला हातभर वर, आणि बाबांनी सगळ्यांना ओळीत बसवून सांगितलं की आता कुणी उठायचं नाही.

घर सात दिवस वाळूने भरलेलं. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, त्यात सहा माणसांच्या अंघोळी आणि ओले टॉवेल, तो भाग सोडून देते. इथून शंख-प्रवाळ न्यायला बंदी आहे, विमानतळावर बॅगा तपासतात, म्हणून मी भाच्याचे खिसे रोज संध्याकाळी दारातच रिकामे करायचे. शेवटच्या रात्री बॅगा भरताना एक छोटासा शंख निघालाच. बाबांच्या चष्म्याच्या डबीत. भाच्याने इतक्या आनंदाने बोट दाखवलं की बाबांना रागावताही येईना. सकाळी विमानतळाच्या वाटेवर गाडी थांबवून तो परत टाकून आले, स्वतः उतरून.

ते गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला फोन वाजला, मी धसकले, इतक्या पहाटे घरून फोन म्हणजे पोटात गोळाच येतो. बाबा होते.

'काही नाही गं, जाग आली. इकडे अजून मिट्ट काळोख आहे. तुमच्याकडे उजाडलं का?'

मी दार उघडून बघितलं. उजाडत होतं.