ओट्यावरून खाली: मुलांसोबतच्या स्वयंपाकाची पावसाळी नोंद

या पावसाळ्यात आमच्याकडे दोन कामं मुलांच्या नावावर झाली. थोरली (वय 7) काकडी चिरते आणि धाकटा (वय 4) कणीक मळतो. शेगडी माझी आहे आणि अजून बरेच दिवस माझीच राहणार.

बरेच जण मुलांना ओट्याशी स्टुलावर उभं करतात. मी ते टाळतो. स्टूल सरकतं, आणि मुलाचं तोंड नेमकं कढईच्या उंचीला येतं. आमच्याकडे काम खाली येतं: जमिनीवर सतरंजी, तिच्यावर परात, पोळपाट, भांडी. पोळपाटाखाली ओलं फडकं घातलं की तो जागचा हलत नाही. गरम वस्तू मात्र खाली यायचीच नाही. कोशिंबिरीला फोडणी द्यायची असेल तर कोशिंबिरीचं भांडं वर जातं, फोडणीची पळी खाली येत नाही. मुलांसोबत रांधायचं तर हा एक नियम पाळाच, असं मी प्रत्येकाला सांगेन.

काकडीचं सविस्तर सांगतो, कारण त्यात खरी मजा आली. अख्खी काकडी गोल, ती फिरते. म्हणून ती मी आधी उभी चिरून देतो आणि सपाट बाजू पाटावर ठेवायला लावतो. डाव्या हाताची बोटं मांजराच्या पंजासारखी आत वळवायची, अंगठा मागे. सुरीचं पातं बोटांच्या पेरांना टेकून खाली येतं, नखापर्यंत पोचतच नाही. सुरुवात केळ्यापासून केली, मग उकडलेला बटाटा, मग काकडी. सुरी छोटी, दातेरी घेतली. बोथट सुरी सुरक्षित असते हा गैरसमज आहे. तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती निसटते. विळीला अजून हात नाही, ती घडी घालून वरच्या फळीवर. थोरलीच्या फोडी जाडजूड होतात, पण दही आणि दाण्याचं कूट पडलं की खमंग काकडी खमंगच लागते. अख्खे दाणे मी धाकट्याच्या हाती देत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात ते अडकू शकतात, त्यामुळे कूट बारीकच. हिरवी मिरचीही मीच चिरतो. तिखट हाताला लागलंच तर आधी तेल चोळायचं, मग साबण. नुसत्या पाण्याने ते निघत नाही.

धाकट्याला कच्ची कणीक तोंडात टाकायची फार हौस. कच्च्या पिठात जंतू असू शकतात, म्हणून आमचं ठरलंय: पहिली छोटी पोळी त्याची, पण भाजल्यावर. मळण्याआधी आणि नंतर हात साबणाने.

जमिनीवर बसणाऱ्यांनी गॅसचं एक ध्यानात ठेवावं. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साठतो, म्हणजे मुलं बसतात तिथेच. वास आला की मुलांना घेऊन आधी बाहेर. दिवा-पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही, जाता जाता खिडकी उघडायची, रेग्युलेटर बंद करायचा आणि बाहेर गेल्यावर 1906 वर फोन. हे थोरलीला तोंडपाठ आहे. कुकरचं झाकण तो आपोआप निवल्यावर मीच उघडतो.

भाजलं तर काय, हेही आधीच ठरलेलं बरं. 60 अंश सेल्सिअसचं पाणीसुद्धा लहानांची कातडी काही सेकंदांत भाजतं. लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. बांगडी, अंगठी सूज यायच्या आत काढायची, फोड फोडायचा नाही. तोंडावर किंवा मुलाच्या तळहाताएवढं भाजलं तर थेट डॉक्टर.

आता गणपतीत उकडीचे मोदक. उकड मी काढणार आणि मळणारही मीच, कारण ती वरून निवलेली दिसते पण आतून चटका देते. हाताला कोमट लागली की गोळे मुलांकडे. थोरली पारी करेल, धाकटा सारण भरेल. मोदकपात्राचं झाकण पलीकडच्या बाजूने आधी उचलायचं, म्हणजे वाफ आपल्या अंगावर येत नाही. हे दोघांनी लांबून बघायचं.

त्यापुढची पायरी तव्याची. तुमच्याकडे मुलांनी तव्यावर पोळी टाकायला कितव्या वर्षी सुरुवात केली, आणि चिमट्याने उलटायला शिकवलंत की उलथण्याने?