साडेपाचची पंगत

यंदा जानेवारीत आमच्या विभागाने हस्तलिखितांवर तीन दिवसांचं चर्चासत्र घेतलं. निवास, भोजन आणि वाहतूक माझ्याकडे होतं. पाहुणे साठ, त्यातले निम्मे पुण्यात पहिल्यांदाच येणारे. या कामाला आपल्याकडे कुणी मान देत नाही. शोधनिबंध निवडणारी समिती मोठी, आणि गाद्या-उशा मोजणारी लहान. मला ते पटत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका चर्चासत्राला मी पाहुणी म्हणून गेले होते. महामार्गालगतचं रिसॉर्ट, गारेगार सभागृह, जेवणात चौदा पदार्थ. सकाळी बस आणायची, रात्री बस सोडायची. शहरात उत्तम पोथीशाळा होती, पण तिथे जायला ना वेळ ना वाहन. तीन दिवसांत मी ते शहर फक्त बसच्या काचेतून पाहिलं. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्यावर वेळ आली तर माणसांना चालता येईल अशीच जागा घ्यायची.

म्हणून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था. ६ जुलै १९१७ ला स्थापन झालेली, आणि १९१९ साली देशातली पहिली प्राच्यविद्या परिषद पुण्यात भरवणारी. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक पोथ्या ताडून पाठ ठरवण्याचं काम इथेच चाललं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. पोथ्यांवर बोलायला आलेल्या माणसाला चहाच्या सुट्टीत हजारो पोथ्यांच्या सान्निध्यात उभं राहता यावं, याहून चांगलं सभागृह मला सुचत नाही. मागे टेकडी आहे. पहाटे स्वेटर घालून वर जाणारे पाहुणे नऊच्या सत्राला ताजेतवाने येत.

उतरण्याची सोय डेक्कनच्या आसपास केली, साध्या पण स्वच्छ खोल्यांत. सगळ्यांना पाठवलेल्या पत्रात वाहतुकीचं पान मी स्वतः लिहिलं, कारण आयोजक असं पान गावातल्या माणसासाठी लिहितात, परक्यासाठी नाही. ‘डेक्कनला उतरा’ म्हटलं की पुणेकराला कळतं, गुवाहाटीच्या माणसाला नाही. मी लिहिलं: रेल्वेने आलात तर स्टेशनालगतच मेट्रो आहे, वनाजकडे जाणारी गाडी घ्या, डेक्कन जिमखान्याला उतरा, मध्ये गाडी बदलायची नाही. लोहगावला विमानाने आलात तर रिक्षाने रामवाडीपर्यंत या, तिथून तीच मेट्रो. डेक्कनच्या मेट्रो स्थानकाचं छत मावळ्याच्या पगडीसारखं आहे, तेवढी खूण पुरे. तिथून गुडलक चौक, मग भांडारकर रस्त्याने सरळ टेकडीच्या दिशेने. पंधरा-वीस मिनिटं, झाडांच्या सावलीतून.

नाशिक, संभाजीनगरकडून एसटीने येणाऱ्यांसाठी वेगळी ओळ ठळक अक्षरांत टाकली. शिवाजीनगरचं एसटी स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं आहे. जुन्या आठवणीवर विसंबणारे लोक अजूनही फसतात आणि हातातली बॅग घेऊन भलत्याच ठिकाणी कुणाची तरी वाट बघत बसतात. रात्री दहानंतर पोहोचणाऱ्या सात जणांसाठी मात्र गाडी पाठवली. बाहेरगावची एकटी मुलगी रात्री रिक्षा शोधत उभी आहे, हे मला चालणार नव्हतं.

जेवणाचं कंत्राट मोठ्या केटररला न देता कोथरूडच्या एका मावशींना दिलं. त्या तीन बायकांना घेऊन स्वयंपाक करतात. पनीर नको, असं मीच म्हटलं. पनीर पाहुण्यांना घरीही मिळतं. संक्रांतीचे दिवस होते, तेव्हा पहिल्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि भोगीची भाजी. दुसऱ्या दिवशी गुळपोळी. केरळचे एक प्राध्यापक ती गरम करून मागू लागले, तर मावशी वाढता वाढता थांबल्या. ‘अहो सर, गुळपोळी गारच खायची. वर साजूक तूप घ्या आणि कडेपासून खा, कडेपर्यंत गूळ गेलाय का ते बघा.’ मी हिंदीत सांगितलं. त्यांनी पोळी कडेला मोडली, गूळ अगदी टोकापर्यंत होता, आणि मावशींचा चेहरा असा खुलला की मला तो आठवतो आहे.

खरी कसोटी अहमदाबादच्या एका वयस्कर अभ्यासकांच्या जेवणाची होती. ते जैन. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, आलं काही नाही, आणि सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. जानेवारीत पुण्यात सवासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि आमचं शेवटचं सत्र सहाला संपायचं होतं. मी सत्र अर्धा तास अलीकडे ओढलं. त्यावर समितीत थोडी कुरबूर झाली, एका माणसासाठी वेळापत्रक का बदलायचं म्हणून. पण पाहुण्याला बोलवायचं आणि त्याला उपाशी ठेवायचं, हे मला जमणार नाही. मावशींनी वेगळी कढई, वेगळा चमचा ठेवला. ओल्या हरभऱ्याची उसळ, ज्वारीची भाकरी, काकडीची कोशिंबीर, ताक.

साडेपाचला ते झाडाखाली एकटेच जेवायला बसणार, असं मला वाटलं होतं. पण उज्जैनची एक संशोधक विद्यार्थिनी त्यांच्या शेजारी येऊन बसली. दुपारी शोधनिबंधाच्या काळजीने तिला जेवण गेलं नव्हतं, आता भूक लागली होती. तिचा निबंध दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. एका जुन्या संस्कृत नागरी पोथीतल्या पहिल्याच ओळीत ‘नातन’ असं काहीतरी येत होतं आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. तिने ‘पाठ भ्रष्ट’, म्हणजे मूळ मजकूर बिघडलेला, अशी टीप देऊन ते सोडून दिलं होतं.

त्यांनी पोथीचा फोटो मागितला. हात धुऊन, पुसून, चष्मा लावून पाहिला. मग वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार अक्षरं काढली. न, मग एक उभी रेघ, मग त, मग न. ‘बेटा, ही रेघ न ची नाही,’ ते हिंदीत म्हणाले. ‘ही पुढच्या त ची आहे. जुने लेखक मात्रा डोक्यावर देत नसत, अक्षराच्या आधी उभी रेघ काढत. पडिमात्रा. आता वाच.’

ती दोनदा पुटपुटली. ‘न तेन.’ म्हणजे ‘त्याने नाही’.

ताकाचा पेला तसाच राहिला. सूर्य टेकडीआड जायला पाऊण तास होता, आणि ते दोघं फोनवरच्या एकेका ओळीवर बोट ठेवत बसले होते. मी मावशींना खुणेने सांगितलं, भांडी आत्ता उचलू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने निबंधाच्या प्रती वाटल्या. साठच्या साठ प्रतींत पहिली ओळ निळ्या शाईने, हाताने दुरुस्त केलेली होती.