काकू, दोरा सोडवून द्या

स्टुटगार्टला परत येऊन आठवडा झाला, पण कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावरचा तो पोरगा काही डोक्यातून जात नाही. वय एकोणीस-वीस, अंगात एनएसएसचा, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचा, टी-शर्ट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आणि मला म्हणाला ‘काकू’. जर्मनीत मला कुणी काकू म्हणत नाही, हा या देशाचा एक न सांगितलेला फायदा.

सात वर्षांनी घरचा गणपती वाट्याला आला होता. गौरी-गणपती विसर्जनाचं सगळं मी मनात ठरवून ठेवलं होतं: मूर्ती नदीत जाणार, लेकाला ते दिसणार, बाबा व्हिडिओ काढणार. घाटावर पोचलो तर पायऱ्यांच्या अलीकडंच महापालिकेच्या काहिली मांडलेल्या. हो, गुऱ्हाळात रस आटवायला असतात तसल्याच मोठ्या कढया, मूर्ती बुडवायला पाण्यानं भरलेल्या. शेजारी कॉलेजच्या पोरापोरींची साखळी. दोघं मूर्ती घेतायत, तिघी निर्माल्य, आणि एक पोरगी घसा बसेपर्यंत ‘मूर्ती दान करा’ म्हणून ओरडतेय.

‘आम्हाला नदीतच सोडायचाय,’ मी म्हटलं. वर आणखी, ‘मी जर्मनीत राहते, कचऱ्याचं मला शिकवू नका.’

हे मी का म्हटलं ते सांगते. इथं काच तीन रंगांत टाकावी लागते: पांढरी, तपकिरी, हिरवी. बाटली निळी निघाली तर हिरव्यात. रविवारी अजिबात नाही, आवाज होतो म्हणून. पहिल्या वर्षी मी रविवारी लोणच्याची एक बरणी टाकली, तर समोरच्या बाल्कनीतल्या आजींनी नुसतं मनगटावरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. शब्द एक नाही. त्या बोटाची मला अजून भीती वाटते. त्या भीतीतून आलेल्या शहाणपणाचा थोडा तोरा माझ्यात आहे, कबूल. पण तोरा मिरवायला मी घाटच निवडला.

पोरगा चिडला नाही. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि खाली बसून उघडली. आपली स्वच्छ, शिकलेली पिशवी! झेंडूच्या हारात नायलॉनचा दोरा, मधे थर्माकोलचे मणी. दुर्वांच्या जुडीला जरीची दोरी. कापराचं प्लॅस्टिक, अगरबत्तीचं वेष्टन, आणि तळाशी चुरमुऱ्यांची रिकामी पुडी, जी माझ्याच लेकानं टाकली होती. ओल्या झेंडूचा तो आंबूस वास. हळदीनं पिवळी झालेली त्याची बोटं दोरा सोडवत होती, एकेक गाठ.

‘काकू, तेवढा दोरा सोडवून द्या. फुलांचं खत होतं, दोऱ्याचं होत नाही.’

मी बसले. गाठ सुटेना, नखानं तोडली. तोंड मात्र बंद नव्हतं. म्हटलं, ‘एका मूर्तीनं नदी मरते होय? कारखान्यांचं पाणी येतं तिथं जाऊन उभे रहा की!’

‘जातो की,’ तो म्हणाला. ‘तिथं आत सोडत न्हाईत. तुम्ही निदान ऐकून तरी घेता.’

मग कळलं, गडी शिरोळकडचा. म्हणजे आपण कोल्हापुरात जे सोडतो ते खाली ज्यांच्या दारात जातं, त्यातला. वाटेतल्या इचलकरंजीत 2012 साली दूषित पाण्यामुळं काविळीची साथ आली होती, माणसं गेली होती; तेव्हा हा लहान असणार. प्लास्टरची मूर्ती विरघळत नाही, पाणी उतरलं की हात-सोंडा वर दिसतात, एवढंच त्यानं सांगितलं. भाषण नाही.

‘तास भरण्यासाठी करताय ना?’ हेही मी विचारलं. एनएसएसला दोन वर्षांत 240 तास लागतात, हे माझ्या काळापासून ठाऊक. ‘तास कवाच भरलेत, काकू.’

आता माझ्याविरुद्धचं वकीलपत्र मीच घेते. जर्मन माणूस बाटली परत करतो ती काही निसर्गप्रेमानंच नाही, एकदाच वापरायच्या बाटलीमागं 25 सेंट परत मिळतात. दारात डबे, ठरल्या दिवशी गाडी. कुणीही शहाणं होईल. त्या पोराला 25 सेंट कोण देत होतं? चहासुद्धा कुणी विचारला नाही. मीही नाही, आणि तेच टोचतंय.

शेवटी बाबांनी मूर्ती काहिलीत तीनदा बुडवली आणि पोरांच्या हातात दिली. आईनं डोळे टिपले. लेकाला काहीच वाईट वाटलं नाही, तो उरलेले दोरे गोळा करत होता.

काल आईचा फोन. पुढच्या वर्षासाठी कुंभारांच्या बापट कॅम्पात शाडूच्या मूर्तीची चौकशी करून आली म्हणे. ‘पण शाडूची जड असते बाई. तुझ्या बाबांना आता उचलवत नाही. उचलायला तू येणार असशील तर नोंदवते.’

मी अजून तिकीट बघितलेलं नाही.