फक्त तिळगूळ खाल्ला

आमदारांच्या संपर्क कार्यालयात मी बसतो म्हणजे राजकारण करतो, असं आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटतं. खरं तर मी दिवसभर पत्रं लिहितो. त्यातली निम्म्याहून जास्त दवाखान्याची. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, तर तिथं अमुक पेशंटला घ्या. महात्मा फुले योजनेत नाव बसत नाही, कारण रेशनकार्डावर ‘बाबू’ आणि आधारवर ‘बाबूराव’, तर तहसीलदारांनी दुरुस्ती करून द्यावी. अशी पत्रं.

महिन्याला एक चार पानी पत्रकही मीच काढतो. पहिल्या पानावर साहेबांचा फोटो आणि आरोग्यावर चार शब्द. आत झालेली कामं. मागच्या पानावर सप्ताह, कुस्त्या, हळदीकुंकू, कुठे काय आहे ते. गावोगावी वाटतात. लोक मागचं पान आधी वाचतात, हे मला ठाऊक आहे.

त्या जानेवारीत मी एक हुशारी केली. आरोग्य शिबिर आणि वहिनीसाहेबांचं हळदीकुंकू एकाच रविवारी, एकाच मंगल कार्यालयात ठेवलं. मांडवाचं भाडं वाचतं, आणि एरवी शिबिराला न फिरकणाऱ्या बायका वाणाच्या निमित्तानं येतात. पत्रकात पहिल्या पानावर शिबिर, मागे हळदीकुंकू. साखर तपासायची म्हणून शिबिराच्या खाली एक ओळ होती : ‘सकाळी रिकाम्या पोटी यावे.’ प्रेसवाल्यानं ऐन वेळी साहेबांचा फोटो मोठा केला आणि ती ओळ उडाली. प्रूफ मी बघितलं होतं. फोटो बरा आलाय का, एवढंच बघितलं होतं.

सकाळी नऊला रांग लागली. पुरुष चष्म्याच्या टेबलाकडे, ते नेहमीचंच. बायका नटून-थटून दारातच थबकल्या, कारण दारात आमच्या कार्यकर्त्याची आई तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती. हातावर तिळगूळ, मग आत साखरेची तपासणी.

ग्रामीण रुग्णालयातून आलेल्या लॅबच्या ताईंना पाच-सहा जणींनंतर शंका आली.

“मावशी, सकाळपासून काही खाल्लंय का?”

“न्हाई ओ. निस्ता च्या घेतला.”

“आणि तिळगूळ?”

“तिळगूळ काय खाणं झालं का?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

वैद्यकीय अधिकारी मॅडम चिडल्या, पण दोनच मिनिटं. उपाशीपोटी 126 च्या वर साखर म्हणजे मधुमेहाचा संशय, पण इथं उपाशी कोणीच नव्हतं. त्यांनी रजिस्टरात ‘उपाशीपोटी’ हा रकाना खोडला, वर ‘रँडम’ लिहिलं आणि ज्यांची दोनशेच्या वर आली त्यांना बुधवारी दवाखान्यात उपाशी बोलावलं. मग म्हणाल्या, “हिमोग्लोबिनला उपाशी लागत नाही. ते टेबल तिकडे न्या, वाणाच्या अलीकडे.”

आता वाण घ्यायचं तर बोटाला टोचून घेतल्याशिवाय वाट नव्हती. वाण होतं स्टीलची वाटी. वाटीसाठी बायका टोचून घेऊ लागल्या. अकरा, दहा, नऊ, पुन्हा दहा. बारा, म्हणजे पुरेसं, फार थोड्यांचं. पत्रकात मीच छापलं होतं की राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांत 54 जणींना रक्तक्षय आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचा आकडा. टाइप करताना 54 हा आकडा मला काहीच वाटला नव्हता.

साडेअकराच्या सुमारास ताईंनी एकीचं बोट दुसऱ्यांदा टोचलं. मशीन बिघडलं असेल म्हणून. पहिल्यांदा 5.6 आलं होतं, आता 5.4.

ती बाई माझ्या ओळखीची होती. नवऱ्याचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, त्यासाठी ती चार वेळा कार्यालयात आली होती. नावाच्या दुरुस्तीचं पत्र मीच लिहून दिलेलं. दरवेळी जिना चढून आल्यावर ती दारातल्या बाकावर बराच वेळ बसून राहायची. मला वाटायचं, साहेबांची वाट बघतेय.

मॅडमनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली. मग विचारलं, “कच्चे तांदूळ खाता का?”

ती पदर तोंडाला लावून हसली. “मॅडम, तुमाला कुणी सांगितलं?”

रक्त फार कमी झालं की कच्चे तांदूळ, खडू, माती असलं काहीबाही खावंसं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. पाळीत अंगावरून फार जातंय, दोन वर्षं झाली, हे तिनं मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं. नवऱ्याच्या आजारात स्वतःचं कुठं काढायचं, असंही म्हणाली.

आजच भरती करायचं ठरलं. ती ऐकेना. “उद्या सोमवारी ह्यांचा नंबर आहे. बुधवारी बघू.”

मॅडम म्हणाल्या, एका पिशवीनं साधारण एक ग्रॅम वाढतं, हिला दोन-तीन लागतील, आणि बुधवारपर्यंत हिला जिना चढायला लावू नका. नवऱ्याला सोमवारी नेण्याचं एका कार्यकर्त्यानं अंगावर घेतलं. एरवी हा मुलगा फक्त बॅनर लावतो. डायलिसिसही जिल्हा रुग्णालयातच होतं, म्हणून ती तयार झाली : खाली तो, वरच्या वॉर्डात ती. दुपारी दोनला आमच्या गाडीतून गेली.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, “लाभार्थी किती?” चारशेच्या आसपास, मी सांगितलं. त्यांना आकडा आवडला. रजिस्टरमध्ये तिची नोंद एका ओळीत होती, इतरांसारखीच. बुधवारी साखरेसाठी बोलावलेल्यांपैकी किती आले ते मी मॅडमना फोन करून विचारलं. निम्मेही नव्हते. मग दोन दिवस मी पत्रं बाजूला ठेवून त्या यादीतल्या लोकांना फोन लावत बसलो. अर्धे नंबर मुलांचे होते आणि मुलं पुण्यात.

फेब्रुवारीच्या पत्रकात ‘रिकाम्या पोटी’ मी चौकटीत, ठळक टाकलं. फोटो थोडा लहान झाला. साहेबांच्या ते लगेच लक्षात आलं, पण बोलले नाहीत.

तीनेक आठवड्यांनी ती कार्यालयात आली. नवऱ्याच्या फाइलला आता तिची स्वतःची एक फाइल जोडलेली होती. जिना चढून ती थेट माझ्या टेबलापाशी आली. मी कागदासाठी हात पुढे केला.

“पत्र नको भाऊ,” ती म्हणाली. “त्या दिवशी माझं वाण राहिलं ना.”

वाट्या केव्हाच संपल्या होत्या. शेवटची एक शिपाईमामा टाचण्या ठेवायला वापरत होते. ती रिकामी केली, धुतली आणि तिला दिली.