तव्याला काय लावलंय?

मेक्सिको सिटीत रस्त्याकडेच्या गाडीवर 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, असं सांगितलं की गाडीवाला समजूतदारपणे मान डोलावतो आणि कधी कधी हॅम घातलेलं काहीतरी पुढे करतो. त्यात लबाडी नसते. 'कार्ने' म्हणजे त्याच्या लेखी गाईचं नाहीतर डुकराचं मांस; हॅम आणि कोंबडी ही खाती वेगळी. 'अंडं तर चालतं ना?' हा प्रश्न जन्मभर ऐकलेल्या मराठी शाकाहारी माणसाला यात नवल वाटू नये. व्हीगन माणसाची पंचाईत आणखी मोठी. दूध नको, लोणी नको, चीज नको, मधही नको, हे सगळं परक्या भाषेत, पाठीमागे रांग उभी असताना सांगायचं. म्हणून रोमा आणि कोंदेसा या वस्त्यांमधून व्हीगन खाण्याच्या पायी सहली निघतात. तीन-चार तास, दोन-तीन किलोमीटर, सहा-सात थांबे, आठ-दहा माणसं. वाटाड्या रस्ता दाखवतो ते ठीक, पण रस्ता फोनही दाखवतो. त्याचं खरं काम प्रश्न विचारण्याचं.

आणि प्रश्न सारणाबद्दल कमी, चरबीबद्दल जास्त. सारण दिसतं. भोपळ्याची फुलं आहेत की कोंबडी, हे डोळ्यांना कळतं. डुकराची चरबी, तिथल्या भाषेत 'मान्तेका', दिसत नाही. ती राजम्यासारख्या घेवड्याच्या दाण्यांना परतताना जाते, तामाल या पानात गुंडाळून वाफवलेल्या पदार्थाच्या पिठात फेसली जाते, उत्तरेकडच्या मैद्याच्या तोर्तियात, म्हणजे पातळ पोळीत, मळली जाते. 'मान्तेकिया' म्हणजे लोणी, आणि 'मान्तेका' म्हणजे चरबी. घाईत कान फसतो. भात टोमॅटोनं लाल दिसतो, पण तो बहुधा कोंबडीच्या रश्शात शिजलेला असतो. मोले या दाट कालवणाच्या मसाल्यात मिरच्या, तीळ, बदाम, मनुका, चॉकलेट, सगळं झाडाचं. पण तो मसाला सैल करायला पुन्हा तोच रस्सा. म्हणून 'यात मांस आहे का?' हा प्रश्न वाया जातो. 'येवा मान्तेका?', यात चरबी आहे का, आणि 'येवा काल्दो दे पोयो?', यात कोंबडीचा रस्सा आहे का, हे दोन प्रश्न पाठ केले तर निम्मी सहल स्वतःची स्वतः करता येते.

चरबीची ही सवय मुळातली नाही. डुक्कर, गाय, कोंबडी हे सगळे प्राणी स्पॅनिश लोकांबरोबर आले. त्यांनी 1521 मध्ये तेनोच्तित्लान घेतलं, त्याच शहरावर आजची मेक्सिको सिटी उभी आहे. त्याआधी तिथं उकडणं, वाफवणं आणि भाजणं होतं, चरबीत तळणं नव्हतं. म्हणजे ते लोक व्हीगन होते असं मात्र नाही. टर्की होती, मासे होते, किडेही आवडीनं खाल्ले जात. पण शेतात मका, घेवडा, भोपळा आणि मिरची एकत्र पेरायची, त्या शेताला 'मिल्पा' म्हणायचं, आणि रोजचं पोट त्यावर भरायचं, ही घडी जुनी. त्यामुळे चांगल्या सहलीत दोन जातींचे पदार्थ भेटतात. एक, ज्यांतून काहीतरी काढून टाकून किंवा बदलून व्हीगन केलेलं असतं. दुसरे, ज्यांत काढण्यासारखं काही नसतंच. चवीला दुसरी जात सरस, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

त्लाकोयो या दुसऱ्या जातीचा. दोन्ही टोकांना निमुळता, बोटभर जाड, निळसर-काळ्या मक्याच्या पिठाचा. आत बाकल्याच्या दाण्यांचं किंवा काळ्या घेवड्याचं वाटण. कोपऱ्यावर बाई मोठा तवा मांडून बसलेली असते, तव्याला तिथं 'कोमाल' म्हणतात. ती पिठाचा गोळा तळहातावर थापते, सारण भरते, मिटते आणि पुन्हा लांबट थापते. कोरड्या तव्यावर भाजते. वर निवडुंगाचे तुकडे, कांदा, कोथिंबीर आणि साल्सा, म्हणजे तिथली ओली चटणी. आणि मग, तुम्ही तोंड उघडण्याआधी, मूठभर किसलेलं चीज. म्हणून 'सिन केसो, सिन क्रेमा', चीज नको, क्रीम नको, हे पैसे काढायच्या आधी म्हणायचं, त्लाकोयो हातात आल्यावर नाही. सारणातही दोन खड्डे आहेत: 'रेकेसोन' म्हणजे दुधाचा चुरा, 'चिचारोन' म्हणजे डुकराची तळलेली कातडी. बाहेरून चारही त्लाकोयो सारखेच दिसतात.

या पिठाला तिथं 'मासा' म्हणतात. व्हीगन सहलीच्या पहिल्याच थांब्यावर 'मासा बघा कसा मऊ आहे' असं ऐकून मराठी माणसानं दचकू नये. मासा म्हणजे मळलेलं मक्याचं पीठ, आणि त्याची सगळी करामत चुन्यात आहे, आपण पानाला लावतो त्याच चुन्यात. एक किलो वाळका मका, दोन-तीन लिटर पाणी, साधारण दहा ग्रॅम खाण्याचा चुना. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास तापवायचं, खळाखळा उकळायचं नाही, आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी दाणा बोटांत चोळला की साल सुटते. मग धुऊन, ओलाच दळायचा. चुना कमी पडला तर साल चिकटून राहते आणि पीठ बांधलं जात नाही. जास्त झाला तर कडसर, साबणासारखी चव येते. दाणा फार शिजला तर गोळा हाताला चिकटतो आणि पोळी तव्यावरून उचलत नाही. ज्वारीच्या भाकरीला आपण गरम पाण्याची उकड देतो, कारण तिच्यात गव्हासारखी चिकटी नाही. मक्याला ती उकड चुना देतो. शिवाय मक्यातलं नायासिन नावाचं जीवनसत्त्व चुन्यामुळे शरीराला मिळण्याजोगं होतं. मका युरोपात गेला, चुना मागेच राहिला, आणि इटली-स्पेनमधल्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा त्याच जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग जडला.

तोर्तियाचीही परीक्षा सोपी आहे. लिंबाएवढा गोळा दाबून तापल्या तव्यावर टाकला, पंधरा-वीस सेकंदांत उलटला, दुसरी बाजू मिनिटभर भाजून पुन्हा उलटला, की तो फुलक्यासारखा फुगतो. कड फाटत असेल तर पाणी कमी. फुगतच नसेल तर तवा थंड किंवा पीठ शिळं. दुकानातल्या तयार कोरड्या पिठाची तोर्तियाही खाणेबल असते, पण तिला पावसाच्या पहिल्या सरीसारखा जो ओला, चुनखडी वास हवा, तो येत नाही. वाटाड्याला विचारावं, की मका भिजवून दळणारी गिरणी वाटेत आहे का. असली, तर कागदात गुंडाळलेली गरम तोर्तिया नुसत्या मिठाबरोबर खायची. यात मका, पाणी आणि चुना एवढंच आहे. चरबीला शिरायला फटच नाही.

केसादियाचा किस्सा मात्र या शहरापुरता. 'केसो' म्हणजे चीज, तेव्हा केसादियात चीज असणारच, असं उरलेल्या मेक्सिकोचं म्हणणं. राजधानीत तसं नाही. इथं केसादिया म्हणजे सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी. चीज हवं तर वेगळं मागायचं. देशभर या गोष्टीवरून राजधानीवाल्यांची टिंगल होते. व्हीगन माणसाला मात्र हा वाद देवासारखा धावून येतो, कारण चीज नसलेली केसादिया मागितली तर इथं कुणी हसत नाही. फक्त तव्यावरची घ्यायची. कढईतली तळलेली असते, आणि त्याच तेलात आधी काय तळलं होतं ते कढईलाच ठाऊक.

तिच्यात पावसाळ्यात 'वित्लाकोचे' भरतात. मक्याच्या कणसावर काणी पडते, दाणे फुगून राखाडी-काळे होतात, तीच. आपला शेतकरी असं कणीस उपटून जाळेल. तिथं ते धडक्या कणसापेक्षा महाग. कांदा-लसणावर परतलं की शाईसारखं काळं होतं, चव मशरूम आणि कोवळ्या मक्याच्या मधली. पाऊस सरला की डब्यातलं मिळतं, ते मऊ आणि बेचव असतं. त्यासाठी पोटात जागा अडवू नये.

बाजारातला थांबा, रोमाच्या दक्षिण भागात मेदेयिन बाजार आहे तिथला असो की दुसरीकडचा, मराठी माणसाला घरच्यासारखा वाटतो आणि त्याला कारण आहे. 'बेर्दोलागास' म्हणून जी जुडी पडलेली असते ती आपली घोळ, अगदी तीच वनस्पती. 'केलितेस' या रानभाज्यांच्या ढिगात चाकवताची सख्खी चुलत बहीण सापडते. (घोळीची तिथली प्रसिद्ध भाजी डुकराच्या मांसाबरोबर होते, नुसतं नाव ऐकून पानावर बसू नये.) लालभडक सुकी 'हामायका' म्हणजे अंबाडीची बोंडं. तिचं सरबत सगळीकडे मिळतं, पण खरी गंमत गाळून उरलेल्या बोंडांची. ती फेकत नाहीत. घट्ट पिळून, चिरून, कांदा आणि धुरकट मिरचीवर परतून टाकोत, म्हणजे सारण घालून दुमडलेल्या छोट्या तोर्तियात, भरतात. पिळण्यात कसूर झाली की आंबटपणा सगळं झाकून टाकतो. निवडुंगाच्या पानांचे काटे बायका सुरीनं बोलता बोलता तासत असतात. ती भेंडीसारखीच बुळबुळीत. उपायही भेंडीचाच, पाणी घालायचं नाही, मीठ लावून कोरड्या तव्यावर तार आटेपर्यंत भाजायची. चिकूचं तर नावच इथलं, नावातलं 'चिको' तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेतून निघून आपल्यापर्यंत पोचलं. मसाला वाटायचा तीन पायांचा 'मोल्काहेते' काळ्या बसाल्टचा, आपल्या पाट्यासारखाच.

साल्साबाबत एकच सांगायचं: मराठी माणसानं फुशारकी मारू नये. लाल म्हणजे जहाल आणि हिरवी म्हणजे सौम्य, हा हिशेब इथं चालत नाही. लाल ग्वाहियो मिरची दिसायला भडक, चवीला जवळपास गोड. हिरवी सेरानोची साल्सा कान लाल करते. आणि गाजरी रंगाची हाबानेरो कोल्हापूरकरालाही खाली बसवते. आधी थेंबभर तोर्तियाच्या कडेवर. 'साल्सा माचा' म्हणजे तेलात तळलेल्या सुक्या मिरच्या, शेंगदाणे आणि तीळ, आपल्या दाण्याच्या चटणीची परदेशी नातलग. तिच्यात कधी कधी नाकतोडे घातलेले असतात, तेवढं विचारावं. मेस्काल या दारूबरोबर संत्र्याच्या फोडीवर जे लालसर मीठ येतं, त्यात अळीची पूड असते. मिठाबद्दल शंका घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही, म्हणूनच लिहिलं.

नकली मांसाच्या टाकोचा एखादा थांबा असतोच, आणि एक पुरे. उभ्या सळईवर रचून भाजलेला 'पास्तोर' हा मुळात लेबनॉनमधून आलेल्या लोकांच्या शवर्माचा वंशज. व्हीगन गाडीवर मांसाच्या जागी सोया, गव्हाचं ग्लुटेन किंवा अळंबी. पास्तोरची चव मसाल्यात असते: ग्वाहियो, शेंदरीच्या बिया, व्हिनेगर, वर अननसाची चकती. त्यामुळे ही नक्कल बऱ्यापैकी जमते. फसते ती पाण्यामुळे. भिजवलेला सोया नीट पिळला नाही तर आतून लिबलिबीत राहतो. अळंबीनं पाणी सोडलं आणि आच मंद असली तर भाजलं जाण्याऐवजी उकडतं. कडा करपलेल्या दिसल्या तरच घ्यावा. टाको दोन तोर्तियांवर येतो. वरची खायची, खालचीवर सांडलेलं गोळा करून तिचा दुसरा टाको करायचा. ताटलीवर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली असते, धुण्याचं काम वाचावं म्हणून. आणि खाताना कोपर वर, कंबरेतून पुढे वाकायचं. ताठ उभं राहणाऱ्याचा सदरा साल्सा ओळखते.

सहल निवडताना वेळ बघावी. सकाळी दहाच्या सुमारास निघणाऱ्या सहलीत तामाल, त्लाकोयो आणि बाजार. संध्याकाळी निघणारीत पास्तोरच्या सळया. दोन्ही एकात मिळत नाहीत, कारण त्लाकोयोवाल्या दुपारनंतर उठून जातात. जून ते सप्टेंबर दुपारी पाऊस हमखास, तेव्हा सकाळचीच. शहर 2,240 मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरहून आठ-नऊशे मीटर अधिक. सपाट रस्त्यावरही पहिल्या दिवशी दम लागतो. न्याहारी करून जाऊ नये. पहिल्या दोन थांब्यांवर अर्धंच खावं, कारण मक्यानं पोट लवकर भरतं. सुट्टे पेसो खिशात हवेत. आणि सहल 'व्हीगन' आहे की 'व्हीगनसुद्धा चालेल' अशी आहे, हे आधी विचारून घ्यावं. दुसऱ्या जातीच्या सहलीत बाकीचे मन लावून खातात आणि तुमच्या हातात ग्वाकामोले, म्हणजे अव्होकाडोची चटणी, येतं, सहाही थांब्यांवर.

शेवटचा थांबा बहुतेकदा गोडाचा. लोणी-अंड्याचे पाव मागे टाकून 'आलेग्रिया' घ्यावी: फुलवलेला राजगिरा पाकात घोळून थापलेली वडी, वर शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, मनुका. एकादशीची राजगिरा चिक्की हातात आल्यासारखं वाटतं, आणि व्हीगन माणूस इथं अगदी निर्धास्त होतो. पाक कशाचा, असं विचारलं की उत्तर येतं, 'मिएल'. मिएल म्हणजे मध. पण गुळाच्या पाकालाही मिएलच म्हणतात, आणि मागेय या घायपाताच्या जातीच्या झाडाच्या रसाच्या पाकालाही. म्हणून आणखी एक प्रश्न विचारायचा राहतो: 'दे आबेहा?', मधमाशीचं का?