३८ पाकिटं अन् चिंचोके

आज दिवसभर शाळेच्या ओट्यावर पहिलीच्या लेकरांची पाकिटं भरत बसले, ३८. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, आपल्याकडं मात्र १५ तारखेच्या आसपासच घंटा, म्हणून ही घाई. प्रत्येकात मोजायला दहा चिंचोके, चार खडू, अन् ठिपके जोडायचा कागद... झेरॉक्सवाल्यानं निम्मे कागद उलटे मारलेले, लाईट गेल्ती म्हणे 😅 चिंचोके अंगणवाडीच्या ताईंनी घरून आणले, धुवून वाळवून, त्यात एक किडका निघाला तर म्हणायल्या "असू द्या की मॅडम, मोजायला काय होतंय". नाही टाकला मी. ज्यांचे आईबाप दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात त्या चौघांच्या पाकिटात जास्तीचे कागद घातले, तिकडं कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, बसून करतील. तेवढ्यात एक पोरगं नाक पुसत आलं, "मॅडम, माझं कोणतंय?"