बाळकरामांचे आडनाव

गेल्या पावसाळ्यात एका इंग्रजी संशोधनपत्रिकेकडे पाठवलेला माझा शोधनिबंध तिसऱ्याच दिवशी परत आला. परीक्षकांपर्यंत तो पोचलाच नव्हता. संदर्भ एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, पद्धतीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे करून पुन्हा पाठवावेत, एवढेच संपादकीय कार्यालयाने कळवले होते. आधुनिक मराठी गद्यात संतवचने कशी उद्धृत होतात, हा निबंधाचा विषय होता. इतरांच्या अवतरणांची झडती घेणाऱ्या बाईंची स्वतःचीच संदर्भसूची बाद व्हावी, हा विनोद मला पुढचे तीन आठवडे पुरला.

मी मराठीत लिहिते तेव्हा तळटीपा देते. 'तत्रैव' (म्हणजे लगतच्या आधीच्या टीपेतल्याच ग्रंथात), 'उनि' (वर निर्देशिलेला ग्रंथ), 'संपा.', 'पृ.' या खुणांची हाताला इतकी सवय आहे की त्यांचा वेगळा विचार करावा लागत नाही. एपीएमध्ये संदर्भासाठी तळटीप नसते, मजकुरातच कंसात आडनाव आणि वर्ष येते. ही नाव-वर्ष पद्धत हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ सालच्या एका लेखापर्यंत मागे नेली जाते, आणि एपीएची पहिली नियमावली १९२९ साली 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये अवघ्या सात पानांत छापली गेली. प्रयोगशाळेतल्या माणसाला कोणी आणि केव्हा हे दोनच प्रश्न आधी पडतात, हे लक्षात घेतले म्हणजे पद्धतीची रचना कळते. तळटीपा मोडताना मला एक फायदा मात्र झाला. निबंधाचा मसुदा चार वेळा पुढेमागे हलवल्यामुळे माझी तीन 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवत होती, आणि ते माझ्या किंवा मसुदा वाचणाऱ्या दोन सहकाऱ्यांच्याही ध्यानात आले नव्हते.

खरी अडचण ज्ञानेश्वरांपासून सुरू झाली. नोंदींसाठी मी झोटेरो ही संदर्भ सांभाळणारी संगणकप्रणाली वापरते. त्यात नावासाठी आडनाव आणि नाव असे दोन रकाने असतात. पहिल्या दिवशी मी 'संत' हे नाव आणि 'ज्ञानेश्वर' हे आडनाव असे भरून मोकळी झाले होते, त्यामुळे सूचीत 'ज्ञानेश्वर, स.' असे गृहस्थ अवतरले. रकान्याशेजारच्या छोट्या खुणेवर टिचकी मारली की दोन रकान्यांचा एक होतो, आणि एकनामी व्यक्ती किंवा संस्था त्यातच भरायच्या असतात, हे मला फार उशिरा समजले.

मग वर्ष. ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणारी 'शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें' ही ओवी आपल्याकडची सर्वांत देखणी मुद्रणपृष्ठाची ओळ आहे असे मला नेहमी वाटते, कारण तिच्यात साल आहे, कर्ता आहे आणि पुढच्याच चरणांत सच्चिदानंदबाबा या लेखनिकाचेही नाव आहे. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०. पण मी वापरलेली प्रत वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली. एपीएमध्ये अशा पुनःप्रकाशित ग्रंथासाठी दोन्ही वर्षे तिरक्या रेघेने जोडून १२९०/१९०९ अशी देतात, आणि अभिजात ग्रंथांसाठी पृष्ठाऐवजी अध्याय व श्लोक यांचे अंक चालतात. मी आधी पृष्ठांक दिले होते. ज्याच्या हाती दुसरी प्रत असेल त्याला त्या पृष्ठांकांचा काडीचा उपयोग नव्हता, आणि इथे कार्यालयाचे म्हणणे मला मुकाट्याने मान्य करावे लागले.

तुकोबांच्या बाबतीत मात्र अंक देऊनही भागत नाही. शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी सिद्ध केलेली, इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ ते १८७३ या काळात छापलेली गाथा, तिच्या आधारे सरकारने १९५० साली काढलेली गाथा आणि वारकरी फडांवर चालणाऱ्या गाथा यांत अभंगांचा क्रम आणि संख्या जुळतेच असे नाही. म्हणून निव्वळ 'तुकाराम, अभंग अमुक' ही नोंद पत्त्यात गल्लीचे नाव देऊन गाव गाळल्यासारखी आहे. मराठीतली कितीतरी चांगली पुस्तके हेच करतात. माझ्या निबंधाचा अर्धा भाग त्या तक्रारीचा होता, आणि माझ्याच सूचीत दोन अभंग गाथेची आवृत्ती न देता बसलेले निघाले.

शकाचे गणित वरवर सोपे वाटते, अठ्ठ्याहत्तर मिळवले की झाले. पण शकवर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे पौषापासून फाल्गुनापर्यंतचे बरेचसे दिवस पुढच्या इसवी सनात जातात. मुखपृष्ठावर नुसते 'शके १८३५' असेल आणि महिना नसेल, तर तो ग्रंथ १९१३चाही असू शकतो आणि १९१४चाही. मी अशा ठिकाणी १९१३–१९१४ असे लिहिले आणि मूळ शक नावापुढे चौकटी कंसात ठेवला. नियमावलीत यासाठी स्वतंत्र जागा नाही, पण ग्रंथालयाच्या कपाटापाशी उभ्या असलेल्या वाचकाला पुस्तकावर शकच दिसणार आहे.

लिप्यंतराने एक आठवडा खाल्ला. मराठी शीर्षक रोमन लिपीत लिहून त्याचा इंग्रजी अर्थ चौकटी कंसात द्यायचा असतो. माझ्या यादीत एकाच ग्रंथाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले होते, कारण एक नोंद ग्रंथालयाच्या तालिकेतून उचललेली, दुसरी कोणाच्या तरी सूचीतून आणि तिसरी माझ्या कानाने केलेली. अखेर सगळे आयएसओ १५९१९ या २००१ सालच्या प्रमाणानुसार लावले. त्यात आपल्या 'ळ'ला खाली टिंब असलेला एल मिळतो आणि 'ऌ'साठी खाली वर्तुळ असलेला, त्यामुळे दोघांची गल्लत होत नाही. ज्या भाषेत ळ पावलोपावली येतो तिच्या माणसाला हे बारीक टिंब क्षुल्लक वाटू नये.

पानाच्या उजव्या-डाव्या जागा, लोंबता समास, तिरपा टाईप ही कामे संगणकाने एका दुपारीत केली. त्यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ गाळले, याचे मात्र वाईट वाटले. पुस्तक मुंबईत छापले की वाईत, हे जुन्या मराठी ग्रंथाबद्दल बरेच काही सांगून जाते.

शेवटचा पेच राम गणेश गडकऱ्यांचा होता. नाटके त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने. कृतीवर छापलेले नाव तसेच द्यावे हा नियम पाळला की एकच माणूस सूचीत ब, ग आणि पुन्हा ग अशा तीन जागी विखुरतो, आणि रोमन वर्णक्रमात आपला हा लेखक स्वतःलाच ओळख दाखवत नाही. एका नावाखाली सगळे गोळा करावे, तर गोविंदाग्रजांचा कवितासंग्रह शोधणाऱ्याला गडकऱ्यांकडे जावे लागते हे आधीच ठाऊक असले पाहिजे. मी तिन्ही नावे वेगळी ठेवली आणि टोपणनावांच्या नोंदीत खरे नाव चौकटी कंसात दिले.

निबंध स्वीकारला गेला. मुद्रिते आली ती मी सूचीच्या बाजूने उलटी वाचायला घेतली, आणि दुसऱ्याच पानावर 'राम, बा.' अशी नोंद भेटली. कोणीतरी मोठ्या दक्षतेने बाळकरामांना आडनाव मिळवून दिले होते. समासात 'हे एकच नाव आहे, तोडू नये' असे लिहून मी खाली सही केली.